लाल चौकोन

शहराच्या कडेचा एकेक कारखाना पडत गेला, तसतसं त्याचं फोटोग्राफर म्हणून नाव होत गेलं. दरवर्षी तो पाण्याच्या जुन्या टाकीवर चढून सगळ्या वस्तीचा फोटो काढायचा, आणि जे जे जमीनदोस्त झालं त्या जागी रंगीत कागद कापून चिकटवायचा. सूतगिरणीवर निळा आयत, काचेच्या भट्टीवर पिवळा त्रिकोण. रंग दिसला की समजायचं, तिथलं काही उरलं नाही.

यंदाच्या प्रदर्शनाला त्याची थोरली बहीण आली. कामगारांच्या खोल्यांतली बाकीची बिऱ्हाडं कधीच उठून गेली होती; ती मात्र बिल्डरला दाद न देता ठाण मांडून होती. फोटोतल्या गल्लीवरून बोट फिरवत ती आपल्या दारापर्यंत पोचली आणि लाल चौकोनापाशी थबकली.

"अरे, माझं घर उभं आहे. सकाळी कुलूप लावून आले."

"माहितीये गं ताई. पण त्या कोपऱ्यात लाल टाकल्याशिवाय चित्र सावरेना."

ताईनं खांद्यावरची पिशवी नीट केली.

"बिल्डरनं निदान आधी नोटीस तरी धाडली होती."