ऐक्याला वाचून दाखवा

ग्रंथपाल बाई आजोबांच्या नातीला घेऊन बालविभागात आल्या आणि आजोबा शब्दकोशांच्या कपाटामागे अडकले. अडकले की अडकून घेतलं, हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. तिचा नंबर यायला अवकाश आहे अशा समजुतीनं ते आत शिरले होते आणि एक जाड कोश उभ्या उभ्या चाळत होते. त्याच वेळी खाकरून बाहेर पडायला हवं होतं. पण बाहेर पडावं की नाही याचा ते विचार करत राहिले आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

"हा आमचा ऐक्या," ग्रंथपाल बाई सांगत होत्या. "कान बघ केवढे! नव्या वर्षापासून वाचनालयानं याला कामावर ठेवलाय. काम एकच, ऐकायचं. खोलीत तू आणि तो. मोठं माणूस कोणी नाही. तू चुकलीस तरी तो बोलत नाही, आणि बाहेर जाऊन कोणाला सांगतही नाही."

"भुंकला तर?"

"भुंकत नाही गं. फार तर झोपतो. काल मी वाचत होते तेव्हा चक्क घोरला."

दार लागलं.

सकाळी लेकीनं बजावलं होतं, "बाबा, तुम्ही जिन्याखालच्या बाकावर बसायचं. आत पाऊल टाकू नका. तुमची नुसती चाहूल लागली तरी ती पुस्तक मिटते. सुट्टी संपली की सगळ्या वर्गासमोर उभं राहून वाचायचंय तिला. नाही वाचलं तर पुन्हा त्याच वर्गात." मग चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवत ती हळूच म्हणाली होती, "तुम्ही वाईट वागता असं नाही म्हणत मी. पण एकही चूक सोडत नाही हो तुम्ही."

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. चूक सोडायची नाही, याचाच तर पगार मिळत असे.

दोन कोशांमधल्या फटीतून त्यांना नातीचे गुडघे दिसत होते आणि सतरंजीवर पसरलेला कुत्र्याचा एक कान. बराच वेळ काहीच झालं नाही. ती वाचणारच नाही, असं त्यांना वाटू लागलं.

"ना... नावाडी," ती म्हणाली. मग थांबली. कुत्रा तसाच पडून होता. "नावाडी नदीच्या... मध्यावर आला. तेव्हा वारा... सुटला."

आवाज अगदी बारीक होता, पण चालू होता. नाव कलंडली. नावाड्याचं वल्हं निसटलं. नावाडी पाण्यात पडला, एकदा वर आला, पुन्हा खाली गेला. आणि पुढच्याच वाक्यात तो काठावर बसून कपडे पिळू लागला.

ओळ गाळली! आजोबांच्या घशाशी शब्द आले. पुस्तक समोर नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. गाळलेली ओळ त्यांना भिंतीपलीकडूनही कळली असती. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. एकच तर ओळ. एवढं सांगितलं की झालं, पुढचं सगळं सुरळीत होईल. घरी जेवणाच्या टेबलाशी ते दर वेळी एवढंच तर सांगत होते. त्यांनी कोशाची कड घट्ट धरली आणि ओठ आवळले.

ती पुढे वाचत गेली. नावाड्यानं सदरा झटकला. नावाड्यानं शेकोटी पेटवली.

"थांब हं, ऐक्या," ती अचानक म्हणाली. "हा तर बुडाला होता ना?"

पान उलटल्याचा आवाज. मग पुन्हा पहिलं पान. बोट ओळींवरून खाली खाली सरकत असावं.

"हं, इथे. राहिलंच होतं बघ. 'एका ओंडक्याला त्याचा हात लागला.' म्हणून वाचला. आपण उगीच घाबरलो."

आजोबांनी कधीचा रोखलेला श्वास सोडला. जेमतेम ऐकू येईल इतकाच. पण ऐक्याचं कामच ते होतं.

कान उचलला गेला. फरशीवर नखं वाजली. कपाटाला वळसा घालून कुत्रा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि आनंदानं शेपूट हलवू लागला. शेपूट कपाटावर आपटत होतं, धप, धप, धप. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग 'जा, जा' असा हात हलवला. त्यानं तो चाटला.

"काय आहे रे तिकडे?"

ती उठली. पावलं कपाटापर्यंत आली आणि थांबली. फटीत आता गुडघे नव्हते, तिच्या फ्रॉकचा खिसा होता, आणि छातीशी धरलेल्या पुस्तकाची कड. आणखी एक पाऊल पुढे आली की संपलं. मग माणसासमोर सोडाच, कुत्र्यासमोरही ही तोंड उघडणार नाही. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"कोणी आहे का?" तिनं विचारलं. आवाज इतका खाली होता की प्रश्न कुत्र्यालाच असावा.

शेपूट थांबलं.

"असू दे," ती म्हणाली. "कोणी असलंच तर सांग त्याला. ऐकायचं असेल तर खाली बसायचं. आणि मध्ये बोलायचं नाही."

पावलं मागे गेली. सतरंजी खसखसली. घसा साफ करून तिनं वाचायला सुरुवात केली, या वेळी जरा मोठ्यानं.

आजोबांनी कुत्र्याकडे पाहून मान डोलावली. मग एका हातानं कपाट धरून, गुडघ्यांचा आवाज होऊ न देता, ते सावकाश खाली जमिनीवर बसले.