म्हशीचा सायलेन्सर

नालवाडीच्या गॅरेजवाल्या नागेशनं प्रेमदासभाऊंच्या टर्बो डिझेल जीपला जाड पाइप आणि नवा सायलेन्सर बसवून दिला. जीप उचल घेऊ लागली, फडफड आवाजही गेला. चौथ्या दिवशी प्रेमदासभाऊ परत हजर.

"जुनाच सायलेन्सर बसवून दे."

"काऊन? उचल कमी पडली का?"

"म्हैस दूध देऊन नाई राह्यली."

नागेश सवयीनं जीपखाली वाकला.

"तिथं काय पाहून राह्यला? सकाळी गाडी सुरू केली का त्या आवाजावर म्हैस पान्हा सोडे. आता नुसती माह्या तोंडाकडं पाह्यते. चार दिवस झाले, घरात काळा चहा. घरवाली कांता म्हणे, आवाज घेतल्याबिगर घरी येजो नोको."

"भाऊ, तो तर मी परवाच देवळीच्या रत्नदीपच्या जीपले लावला."

प्रेमदासभाऊ टायरवर बसले.

"त्याच्या घरी म्हैस हाये?"

"नाई."

"मंग एवढा आवाज घेऊन तो करून काय राह्यला?"

नागेशनं रत्नदीपला फोन लावला.

"गाडी घेऊन येजो रे. म्हैस नसताना तुले सायलेन्सर लावून देला, चुकी माहीच हाये."