दोन्ही हातांनी

“हाच! शंभर टक्के हाच!” मिरची इतक्या जोरात ओरडली की तिच्या मैत्रिणीच्या, ढब्बूच्या हातातला फोन पडता पडता वाचला.

जाहिरातीत एकच फोटो होता. काळा मोबाइल, पाठीवर लाल नेलपॉलिशनं काढलेला मासा. मासाही असा की बघणाऱ्याला बटाटा वाटावा. असा मासा जगात एकच, आणि तो काढणारीही एकच.

खाली लिहिलं होतं, ‘मोबाइल विकणे. नेटवर्क लागत नाही. मिळेल त्या किमतीला.’

“चोर तो चोर, वर शिरजोर,” ढब्बू म्हणाली. “थांब, गिऱ्हाईक बनून पत्ताच मागते.”

मिरचीचा फोन उन्हाळ्यात गेला होता. त्याची काच तडकली म्हणून बाबांनी तो बरोबर नेला, ओळखीच्या माणसाकडून बदलून आणतो म्हणाले. बाबांचं स्वतःचं दुकानही काचांचंच, पण खिडक्यांच्या आणि आरशांच्या. संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी परतले. दुकानातून कुणीतरी उचलला म्हणाले.

मिरची रडली, मग उठली आणि बाबांच्या मागे लागली. “तक्रार करा. फोन ब्लॉक करा. चोराला तरी का सुखानं वापरू द्यायचा?”

“राहू दे गं. गेला तो गेला.”

त्या आठवड्यात तिच्या क्लासची थकलेली फी भरली गेली होती. बाबा त्याच धावपळीत असतील, असं तिला वाटलं. शेवटी तिनंच फोनचं बिल शोधलं, शाळेच्या संगणकावर बसून तक्रार भरली आणि फोन ब्लॉक करून टाकला. घरी येऊन नाचत नाचत सांगितलं. बाबा जेवत होते. ते भरल्या ताटावरून उठले.

तेव्हापासून बाबा गप्पच झाले. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाच्या हातात आरसा देतानाही भाषण ठोकायचा, “दोन्ही हातांनी घ्या! काच आणि विश्वास एका हातानं घेऊ नये.” घरात चहाचा कप देतानासुद्धा तेच. मिरची त्यांची नक्कल करायची आणि सगळ्यात मोठ्यानं बाबाच हसायचे. आता ते आरसा मुकाट्यानं देत. आपल्या हातून लेकीचा फोन गेला, हेच त्यांच्या मनाला लागलंय, याबद्दल मिरचीला शंका नव्हती. फोन आणायचा, त्यांच्या हातात ठेवायचा आणि जुने बाबा परत मिळवायचे, एवढंच तिला हवं होतं.

तिनं बाबांना जाहिरात दाखवली तेव्हा ते काच कापत होते. रेघ वाकडी गेली. बाबांची रेघ कधी वाकडी जात नसे.

“तू तिथं जायचं नाहीस,” ते म्हणाले.

“घाबरतात गं माझ्यासाठी,” मिरचीनं ढब्बूला सांगितलं आणि दोघी निघाल्या.

दार एका म्हाताऱ्यानं उघडलं. उंबऱ्यापाशी पान्यांची पिशवी, आत एक खुर्ची, भिंतीला टेकवून ठेवलेली गादीची वळकटी. त्यानं दोघींना आधी पाणी दिलं. वाटेत पाठ केलेलं भाषण मिरचीला आठवेना.

“तो फोन माझा आहे,” ती कशीबशी म्हणाली.

म्हातारा चिडला नाही. “असेल, पोरी. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणालाच, चोरीचा म्हणून ब्लॉक केलाय. मला काय ठाऊक? मीही असाच जाहिरात बघून विकत घेतला होता.”

“मग तेव्हाच का नाही परत केला?” ढब्बूनं वकिली सुरू केली.

म्हाताऱ्यानं वळकटीकडे पाहिलं.

“आमच्या हिला दमा होता. मी दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करत हिंडणार. म्हटलं, त्रास झाला तर हाक मारायला काहीतरी हवं. आठवडाभर नुसता उच्छाद! घडीघडीला फोन. ‘जेवलात का?’ मी म्हणायचो, अगं बये, इथं पाणी उडतंय तोंडावर, जेवतो कसला!” तो हसला. हसू अर्ध्यातच विझलं. “मग एका सकाळी नेटवर्क गेलं. म्हटलं, संध्याकाळी दाखवू कुणाला तरी. एका दिवसानं काय होतंय?”

त्यानं वळकटीवरून हात फिरवला.

“आलो तर दाराला टेकून बसलेली. फोन हातात. स्क्रीनवर माझंच नाव, खालपर्यंत नुसतं माझंच नाव. एकदाही लागला नाही.”

ढब्बू फरशीकडे बघत राहिली. मिरचीला शाळेचा संगणक आठवला, ते बटण आठवलं, घरभर घातलेला नाच आठवला.

“आजोबा, ब्लॉक मी केला होता.”

म्हाताऱ्यानं तिच्या पेल्यात पुन्हा पाणी ओतलं.

“तुझी वस्तू चोरीला गेली होती,” तो म्हणाला. “तू दुसरं काय करणार होतीस? रडू नकोस. घेऊन जा तो. मला घरात ठेववत नाही आणि फेकवतही नाही.”

त्यानं कपाटातून बायकोच्या रुमालात गुंडाळलेला फोन काढला. मिरचीनं एका हातानं डोळे पुसत दुसरा हात पुढे केला.

“अंहं, दोन्ही हातांनी घे, बाळ,” म्हातारा म्हणाला. “ज्यानं मला विकला ना, तो भला माणूस म्हणाला होता, काच आणि विश्वास एका हातानं घेऊ नये.”