झोपमोड

भट्टीवाल्याचे डोळे उघडले तेव्हा पलीकडच्या खोलीत त्याची दोन्ही मुलं कडाकडा भांडत होती. पण कुजबुजत.

दार अर्धवट उघडं होतं. सहा वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा एकमेकांच्या झिंज्या धरून उभी होती. चेहरे लालबुंद, आवाज मात्र उंदराने कागद कुरतडावा तेवढाच. धाकट्याने बहिणीला गुद्दा घातला, तोही बेताने. तिने परत दिला. मग दोघांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं आणि मारामारी पुढे सुरू केली.

त्याला हसू आलं, आणि नेहमीसारखा अभिमानही वाटला. रात्रभर बेकरीत पाव भाजायचे आणि उजाडल्यावर घरी येऊन आडवं व्हायचं, अशी त्याची नोकरी. त्यासाठी घर शिस्तीत बसवलेलं होतं. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे, दाराची बेल काढून टाकलेली, मिक्सर लावायचा तो संध्याकाळी. धाकटा तर शिंकसुद्धा उशीत तोंड खुपसून शिंकायचा. बेकरीत कुणी आपल्या व्रात्य पोरांचं रडगाणं लावलं की हा मिशीला पीळ देऊन म्हणायचा, “आमची पोरं गुणाची आहेत बुवा.”

“मी होणार कोंबडा,” धाकटा कुजबुजला. “तू झाड हो. तुझ्या बाईंनी सांगितलंय.”

“अजून नाही सांगितलं. उद्या सांगणारेत.”

“कसलं झाड?” त्याने अंथरुणातूनच विचारलं.

दोघं जागच्या जागी थिजली. थोरलीने लगेच भावाकडे बोट दाखवलं. “यानं उठवलं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेच्या नाटकात ती कोंबडा होती. कोंबडा आरवतो, मग सूर्य उगवतो, मग बाकीचं नाटक. पण हा कोंबडा पहिल्या रांगेतसुद्धा ऐकू येत नव्हता, आणि सूर्य झालेला मुलगा पडद्यामागे वाट बघत बसून राहायचा. उद्याच्या तालमीतही तेच झालं तर कोंबडा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होता, आणि हिला झाड.

“झाडाला बोलायचं नसतं,” ती म्हणाली. “मला मोठ्यानं येतच नाही, बाबा. मी करते, पण ते बाहेरच येत नाही.”

हेही ती कुजबुजूनच म्हणाली. बाप आता टक्क जागा होता, तरीही.

गुणाची म्हणून ज्या पोरीची तो पाठ थोपटत होता, तिच्या गळ्यावर आपलीच झोप बसली आहे, हे त्याला आजवर दिसलंच नव्हतं.

तो पुन्हा आडवा झाला आणि त्याने पांघरूण ओढून घेतलं. “हं. मी झोपलो. आता उठव मला. हात लावायचा नाही. नुसतं आरवून.”

“अहो!” बायको हात पुसत दारात आली. “झोप नाही झाली तर रात्री भट्टीपुढे पेंगाल. मग?”

“मग पाव करपतील. आधी कोंबडा.”

थोरली उशाशी येऊन उभी राहिली. “कुकूच कू,” तिने त्याच्या कानात गुपित सांगितलं. तो ढिम्म. तिने पुन्हा केलं, किंचित मोठ्याने. त्याने घोरण्याचं सोंग आणलं.

“जागा आहेस तू!”

“छे. गाढ झोपलोय.”

ती पुन्हा आरवली. आणखी एकदा. “जाऊ दे ना ताई,” धाकटा म्हणाला, “झाड छान असतं. झाडाला पाठ करायला नाही लागत.” बापाने मिटल्या डोळ्यांनी ठरवलं, उद्यापासून या घरात गोंधळ घालायचा. खुर्च्यांचे मोजे काढायचे. मुलांना पत्र्याचे डबे आणि चमचे द्यायचे. ठरवता ठरवता रात्रीच्या भट्टीने दगा दिला, आणि सोंग घेणाऱ्या माणसाला खरीच झोप लागली.

छप्पर कोसळावं तसं काहीतरी त्याच्या कानात कोसळलं. तो पांघरुणासकट पलंगावरून उडाला आणि “पाव काढा! करपले!” असं ओरडत भिंतीवर जाऊन आदळला.

खोलीच्या मधोमध थोरली उभी होती. मुठी आवळलेल्या, मान ताणलेली, गाल ओले. रागाने ती थरथर कापत होती.

“तू खरंच झोपलास!” ती किंचाळली. “मी एवढं करतेय आणि तू खरंच झोपलास!”

बायकोने कानांवरचे हात हळूच काढले. धाकटा पलंगाखालून बाहेर आला आणि बहिणीकडे आ वासून बघत राहिला. मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिने तोंडावर हात ठेवला, आणि हाताआडून खुदखुदायला लागली.

बापाने तिला उचलून खांद्यावर घेतलं. कपाळावर टेंगूळ येत होतं, पण इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी दार बडवलं. दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा होते, गेल्या महिन्यात राहायला आलेले. केस विस्कटलेले, चेहरा तापलेला. त्यांची वामकुक्षी मोडली होती.

“काय हो, कोंबडा पाळलाय की काय?” ते कडाडले. मग त्यांचं लक्ष खांद्यावरच्या मुलीकडे गेलं, तिथून बापाच्या पायाला बिलगलेल्या मुलाकडे, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तुमच्याकडे मुलं आहेत? मला वाटलं, नवराबायकोच राहता.”

बायको माफी मागायला पुढे झाली. त्याने तिला हातानेच थांबवलं.

“दोन आहेत,” तो म्हणाला. “थांबा, धाकट्याचाही आवाज ऐकवतो.”