बिनकानाचा कप

"तुमी कोन लोकं म्हना, बाई?"

यशवंतरावानं हे विचारलं ते खाटेवर मांडी घालून, पोटावरून हात फिरवत. हेतू काही वाईट नव्हता. या प्रश्नाला वाईट हेतू लागतच नाही. भरल्या पोटी तो आपोआप तोंडाशी येतो, ढेकरासारखा.

काल संध्याकाळी तो आणि त्याची बायको नलिनी पांढुर्ण्याकडच्या मोटारीतून सौसरला उतरले, तेव्हा देवकाबाईचा नवरा गुणवंता त्यांना स्टँडवरून घरी घेऊन आला होता. घरामागं दोन खोल्या काढलेल्या. जामसावळीच्या मारुतीला येणारी माणसं तिथं उतरत. राहणं-जेवणं सगळं देवकाबाईच्या हातचं. रात्री जेवून दोघं मेल्यासारखी झोपली. सकाळी दर्शन करून आली आणि दुपारी अंबाडीच्या भाजीवर तुटून पडली. आणखी एक भाकर मागता मागता यशवंतरावानं सांगूनही टाकलं, की पुढच्या शनिवारी लेकीच्या सासरची अख्खी मंडळी इथंच उतरवतो. तेव्हापासून गुणवंताचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि आता हे.

"नाही, म्हनजे सैपाकाची चव एकदम आमच्या घरची," यशवंतराव म्हणाला. "म्हून इचारून राहिलो."

गुणवंता पाण्याची बादली घेऊन दारातच थबकला. त्यानं बायकोला कितीदा पढवलं होतं: आमी सौसरचेच म्हणायचं, हसायचं, आणि आत निघून जायचं. एवढं हसली की पुढचा शनिवार वाचत होता.

देवकाबाई हसली नाही.

"आमी बौद्ध," ती म्हणाली.

यशवंतरावाचा हात पोटावर होता तिथंच राहिला. पोटात दोन वेळचं जेवण होतं. ते काही परत करता येण्यासारखं नव्हतं.

"अस्सं," तो म्हणाला. "अस्सं का."

देवकाबाई चुलीकडं वळली. गुणवंता मागोमाग आत. "अवं, खोटं बोल म्हनलं का मी तुले? गप राहाले काय झाल्तं? गेली आता सारी मंडळी!"

"जाऊ दे. उपाशी होता तवा नाही आठवली त्याले जात? माही भाकर पोटात गेल्यावर आठवली?"

चहा उकळला. तिनं कप बाहेर नेऊन ठेवले. नलिनीसमोर फुलाफुलांचा, बशीसकट. यशवंतरावासमोर पांढरा, बशी नाही, कान तुटलेला. हा कप तिनं मुद्दाम जपून ठेवला होता. आजवर कोणाच्या वाट्याला आला नव्हता, कारण गुणवंतानं गोष्ट तिथपर्यंत कधी जाऊच दिली नव्हती.

"याचा कान कुठी गेला?" यशवंतरावानं विचारलं.

"आमच्या घरी जो जात इचारते, त्याचा कप येगळा असते, भाऊ," देवकाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. मीठ कमी-जास्त आहे का विचारावं, तसं बोलली. "पिऊन झालं का धुवा, अन् वळचनीले पालथा घाला. मी नवी रीत नाही काढली. हाटेलात आमाले असंच भेटते."

गुणवंतानं बादली खाली ठेवली. घाईत निम्मं पाणी उंबऱ्यावर सांडलं. यशवंतराव खाटेवरून अर्धा उठला होता.

तेवढ्यात नलिनी हसली. आधी पदराआड, मग चांगली खो खो.

"बसा," ती म्हणाली. "मी नाही बाप्पा इचारलं. मले बशी भेटली."

"तू हसून राहिली?"

"मंग रडू? आपल्या संत्र्याच्या बगीच्यात निंदनाऱ्या बायायचे कप कुंपनाले लटकवून ठेवता तुमी. आज तुमचा लटकला."

"नलिनी!"

"काय नलिनी? मोटार उद्या आहे. अन् काल रातच्यासारखी झोप मले माहेरीबी नाही लागली. तुमाले जाचं तर जा. मी इथून हलत नाही."

ती बशीत चहा ओतून फुरके मारू लागली. यशवंतराव थोडा वेळ तसाच, ना बसलेला ना उठलेला. मग बसला. रागारागानं कप उचलला आणि लगेच खाली टेकवला. बोटं पोळली. पुन्हा उचलला, या हातातून त्या हातात, फू फू करत. चहा धोतरावर सांडला. एवढा बगीच्याचा मालक, पण एक कप काही त्याला उचलता येईना.

शेवटी त्यानं वर पाहिलं.

"कसा धरता हो हा?"

देवकाबाई पुढं झाली. "वरच्या काठाले अंगठा अन् मधलं बोट. पोटाले हात नाही लावाचा. फुकत फुकत प्या. होते सवय."

"किती दिवसानं होते?"

"काय माहीत, भाऊ. मी तर परकरात असतानीच शिकली."

अंगठा आणि मधलं बोट काठाला लावून, फुकत फुकत, यशवंतरावानं चहा तळापर्यंत संपवला. नळाकडं पाहिलं. मग कप तसाच पुढं धरला.

"आहे का आनखी?"

हॉटेलवाले असल्या कपात हातभर वरून ओततात, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. पिणाऱ्याच्या मांडीवर शिंतोडे उडतात. देवकाबाईनं चहाचं पातेलं चुलीवरून आणलं, खाली वाकली, ते त्या कपाच्या काठाला टेकवलं, आणि चहा ओतला.