सत्ताविसावी फुली

“मावशी, तुमचं नाव नाही यात,” मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. जणू दोष चष्म्याचाच होता.

इस्त्रीमावशी चर्चच्या कचेरीच्या दारातच उभ्या होत्या. वेदीवरची कापडं आणि फादरांचे झगे धुऊन इस्त्री करण्यात त्यांची साठ वर्षं गेली होती आणि त्याआधी त्यांच्या आईची तीस. आज मात्र त्या कपडे न्यायला आल्या नव्हत्या. दफनभूमीत जागा कमी उरली म्हणून नवा नियम झाला होता. ज्याच्या बाप्तिस्म्याची नोंद या चर्चच्या वहीत असेल, त्यालाच जागा. मावशींना आईशेजारची हवी होती.

“नीट बघा,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी नीटच बघितलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते या धर्मग्रामाचा, म्हणजे चर्च आणि त्याच्या वस्तीचा, इतिहास लिहीत होते. दीडशे वर्षांच्या वह्या त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचल्या होत्या. पुस्तक उद्या छापायला जायचं होतं.

“तुम्ही जन्मलात तेव्हा वही कोरीच आहे. जुने फादर तापाने गेले, बाहेर लढाई चाललेली, नवे यायला तीन वर्षं लागली.” त्यांनी समोरच्या कागदांतलं एक वाक्य वाचून दाखवलं. “‘या काळात धर्मग्राम बंद होता.’ पुढे नव्या फादरांनी आल्या आल्या एका दिवसात सव्वीस पोरांचा बाप्तिस्मा उरकला. मी त्यातलाच. स्वतःच्या पायांनी चालत गेलो होतो.”

हा विनोद मास्तरांनी आजवर शंभर वेळा केला होता आणि मावशी दर वेळी हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत. “बंद?” एवढंच म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा हातात एक पांढरं कापड होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यांच्या मागून फादरही आले. फादर तरुण होते, या चर्चमध्ये येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

मावशींनी टेबलावरची वही बाजूला सारली आणि कापड पसरलं. काठाला निळ्या दोऱ्याच्या बारीक फुल्या होत्या, एकापुढे एक.

“चर्चची किल्ली आईकडे होती. रविवारी ती घंटा वाजवायची, लोक यायचे, प्रार्थना म्हणायचे आणि घरी जायचे. दोन मुलं बाप्तिस्म्याशिवाय गेली, तेव्हा ती म्हणाली, आता वाट बघायची नाही. फादर नसले तर कोणीही पाणी घालावं, हे जुन्या फादरांनीच तिला शिकवलं होतं. मुलाच्या अंगावर हे कापड घालायची. तिला लिहिता येत नव्हतं. टाके येत होते.”

मास्तरांनी फादरांकडे पाहिलं.

“खरं आहे,” फादर म्हणाले. “अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं.”

मावशींचं बोट काठावरून सरकू लागलं. “ही सुताराची थोरली. हे पाववाल्याचे जुळे, म्हणून फुल्या चिकटून. ही पुलाजवळच्या शिंप्याची, पुढे परदेशी गेली ती. कापड धुताना आई माझ्याकडून पाठ करून घ्यायची.” बाराव्या फुलीवर बोट थांबलं. “हे तुम्ही.”

मास्तर चष्मा सावरून त्या फुलीवर वाकले. दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना लाज वाटली.

“मग नव्या फादरांना कोणी सांगितलं कसं नाही?” त्यांनी शेवटी विचारलं.

“लोक म्हणाले, दुसऱ्यांदा पाणी पडलं तर पोर काही विरघळत नाही. कशाला वाद? आई म्हणाली, कपडे धुणारीचं कोण ऐकणार? पण मला तिने नेलं नाही. एकदा दिला तो दिला, म्हणाली.” त्यांनी शेवटच्या फुलीवर बोट ठेवलं. ती सत्ताविसावी होती.

“बरोबर होतं त्यांचं,” फादर म्हणाले. “बाप्तिस्मा एकदाच होतो.”

मास्तरांनी पेन उचललं आणि ‘बंद होता’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. एवढ्या साध्या कामाला त्यांना बराच वेळ लागला.

फादरांनी वहीतलं कोरं पान काढलं. “मावशी, नोंद आजही करता येईल. फक्त एक साक्षीदार हवा. तेव्हा तिथे हजर असलेला.”

मावशी खुर्चीवर बसल्या. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळची मोठी माणसं केव्हाच दफनभूमीत जाऊन पडली होती आणि त्यांच्यासाठी तर नियमही नव्हता. मावशी कापडाची घडी घालू लागल्या. अर्धी घडी झाली आणि हात थांबले.

“होतं एक जण,” त्या म्हणाल्या. “आई सांगायची. माझ्या डोक्यावर पाणी घातलं तर मी हूं की चूं केलं नाही. मास्तरांच्या आईच्या कडेवर एक पोरगं होतं, तेच भोकाड पसरून रडलं.”

फादर हसले. मास्तर हसले नाहीत. शाळेत न वाचता सही करणाऱ्याला ते बाकावर उभं करायचे. त्यांनी वही पुढे ओढली आणि फादरांनी नोंद लिहून पुरी करायच्या आतच साक्षीदाराच्या जागी आपलं नाव लिहिलं.

“वय लिहायचं असतं,” फादर म्हणाले. “त्या वेळचं.”

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं, मनात हिशेब केला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, “दीड वर्ष.”