या घरचं मूल

"हे पोर आमच्या घरचं नाही," सासूने डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं. गावात सांगून झालं होतं, बसमध्ये सांगून झालं होतं. म्थाथा शहरातलं हे मोठं इस्पितळ तेवढं राहिलं होतं.

नोमावेथूने मान वर केली नाही. सासूसमोर सुनेने डोकं झाकून, नजर खाली ठेवून बसायचं असतं, आणि बोलायचं तर नसतंच. तिच्या मांडीवर ओयामा निजला होता. सहा महिन्यांचं पोर, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं. पोट मात्र टम्म फुगलेलं आणि डोळे मक्याच्या दाण्यासारखे पिवळे.

ते डोळे पहिल्यांदा पिवळे दिसले त्या दिवशी सासूने पोराला दोन्ही हातांत धरलं, खूप वेळ पाहिलं आणि सुनेच्या मांडीवर परत ठेवलं. "पिवळं मूल या घरचं नसतं," एवढंच म्हणाली आणि शेण गोळा करायला निघून गेली. नोमावेथूचा नवरा लुझुको तेव्हा दूर रस्टेनबर्गच्या खाणीत होता. नवरा वर्षातून एकदा घरी येणार, मग लोकांच्या जिभेला हाड कुठलं असायला? पोराच्या नावाने बकरा कापायचा आणि पूर्वजांना त्याचं कुळ सांगायचं, ही रीत. ती म्हातारीने अडवून धरली ती धरलीच.

बकरा कापला नाही की पोराला कुळ नाही. कुळ नाही की मेल्यावर गुरांच्या गोठ्याशेजारी, घरच्या माणसांत, जागा नाही. ओयामा जगणार नाही हे नोमावेथूला कुणी सांगायला नको होतं. आईला कळतं ते. पण त्याला कुंपणाबाहेर पुरतील, कोरफडीच्या झुडपांपाशी, जिथे दोन बिननावाचे दगड आहेत आणि जिथे म्हातारी कुणाला शेळ्यासुद्धा चारू देत नाही, या विचाराने तिचं काळीज फाटत होतं. गेल्यावर तरी त्याला कुणी आपलं म्हणावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांच्यातल्याच होत्या. त्यांनी खुर्ची म्हातारीजवळ ओढली.

"आई, ऐका. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीत इवल्याइवल्या चुली असतात. अंगातलं सगळं बळ त्यांच्यावर शिजतं. त्या चुलीला आतून एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं, चुलीची राखण करणारं. या बाळाकडे ते धड नाही. म्हणून चुली विझत चालल्यात. आधी यकृतातल्या विझल्या."

"मग फुंकर घाला की," म्हातारी म्हणाली. "एवढं शिकलात कशाला?"

"आई, गप्प बस ना जरा," दारात उभा असलेला लुझुको म्हणाला. तपासणीसाठी रक्त द्यायला म्हणून तो रजा टाकून आला होता, पण आल्यापासून त्याने बायकोकडे नीट पाहिलं नव्हतं.

"याला फुंकर नाही, आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते प्रथिन घडवायचा साचा जन्मतःच मिळतो. प्रत्येकाला दोन साचे. एक आईकडून, एक बापाकडून. त्यातला एक चांगला असला तरी भागतं, माणूस ठणठणीत राहतो. बाळाचे दोन्ही बिघडलेले आहेत. एक सूनबाईंकडून आलाय." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आणि एक यांच्याकडून. दोघांच्याही रक्तात सापडलाय."

नोमावेथूने मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या देखत पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"पुन्हा सांगा, बाई. यांना ऐकू जाईल असं सांगा."

"अहो, यात दोष कुणाचाच नाही—"

"दोष नकोय मला. पोर कुणाचं ते सांगा."

"यांचंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बापाकडून आलेला साचा चांगला असता तर हा आजार झालाच नसता."

नोमावेथूला हसू फुटलं, आणि त्या हसण्याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. जे पोराचा जीव घेणार होतं, तेच त्याला घर देत होतं. तिने सासूकडे रोखून पाहिलं. सहा महिने गिळलेले शब्द तिच्या ओठांवर तयार होते.

लुझुको आत आला. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "बकरा मी आजच आणतो," तो म्हणाला.

म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पुढे आली. तिने ओयामाला उचललं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्याने त्याची पापणी हळूच खाली ओढली.

"पोरी," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हा साचा जुना असतो का गं? म्हणजे आमच्या वेळचा?"

"असतो ना, आई. पिढ्यान्पिढ्या चालत येतो. आईबाप दोघंही चांगले धडधाकट दिसतात, आणि पोरं मात्र जातात."

म्हातारी खाली बसली. पोर तिने छातीशी घट्ट धरलं होतं.

"पिवळं मूल या घरचं नसतं," ती म्हणाली. "माझ्या सासूने सांगितलं होतं मला, दोन्ही वेळेला. मी खरं मानलं."

मग तिने मुलाकडे पाहिलं.

"एक नको, लुझुको. तीन बकरे आण."